‘नवा अवतार’ आणि उतरण्याची वाट

प्रश्न असा आहे : लाडकी अ‍ॅनिमेशन मालिका खरे नट घेऊन पुन्हा केली की ‘मालिका नव्या अवतारात’ असे लिहितात, ते बरोबर आहे का, आणि ‘लाइव्ह-अ‍ॅक्शन’ला मराठीत काय म्हणावे?

मोटारीचा रंग बदलला की नवा अवतार, नटीने केस कापले की नवा अवतार, दुकानाची पाटी बदलली तरी नवा अवतार. हे वाचून वाचून जीव विटला आहे. ‘काय हा अवतार करून घेतलास!’ असे आई पोराला म्हणते तो अर्थ सर्वांना ठाऊक आहे, दशावतारही ठाऊक आहेत. त्यांवर शब्द खर्च करीत नाही. ‘रूप’ आणि ‘वेश’ हे या शब्दाचे मूळ अर्थ नव्हेत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. गीतेत ‘संभवामि युगे युगे’ आहे, पण ‘अवतार’ हा शब्द तेथे नाही. हरिवंशात विष्णूच्या प्रकट होण्याला ‘प्रादुर्भाव’ म्हटले आहे, आणि तोच शब्द आज आपण डेंग्यूसाठी राखून ठेवला आहे.

खरी गोष्ट पाणिनीपाशी आहे. ‘अवे तॄस्त्रोर्घञ्’ (३.३.१२०) या सूत्राने ‘अव’ उपसर्गासह ‘तॄ’ धातूपासून ‘अवतार’ हे नाम सिद्ध होते, आणि तेही ज्याने किंवा जेथून उतरायचे त्या साधनाच्या वा स्थानाच्या अर्थाने. भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदी या पाणिनीच्या सूत्रांवरील ग्रंथात त्याचे उदाहरण दिले आहे ते कोणा देवाचे नाही, विहिरीचे आहे. अवतार म्हणजे पाण्यापर्यंत उतरण्याची वाट. ज्या धातूपासून ‘तरणे’ आणि ‘तीर्थ’ आले त्याच धातूचा हा शब्द आहे, आणि बारवेच्या पायऱ्या उतरून ज्याने ओंजळभर पाणी घेतले आहे त्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मराठीतील ‘उतार’ याच घरचा आहे, असे माझे ठाम मत आहे. नदीला जेथून पायी ओलांडता येते त्या जागेला आपण उतार म्हणतो. ‘उतरणे’ हे ‘उत् + तॄ’पासूनच आले, ‘अवतार’शी त्याचे काही नाते नाही, असे बजावणाऱ्या व्युत्पत्तिकारांना मी एकच विचारतो : ‘उत्तरति’ म्हणजे पाण्यातून वर येतो, पार जातो, मग मराठीत ‘उतरणे’ म्हणजे खाली येणे कसे झाले? नावेतून काठावर पाय ठेवण्यातून हा अर्थ आला, हे त्यांचे उत्तर फार तर उतारूंपुरते चालेल. ताप उतरतो आणि चेहरा उतरतो तेथे नाव कोठून आणणार? ध्वनींबाबत त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. ‘अवतर’मधला एकेरी ‘त’ प्राकृतात झिजतो, ‘उत्तर’मधला जोड ‘त्त’ टिकतो, म्हणून शब्दाचे शरीर ‘उत्तरति’चे आहे. अर्थ मात्र ‘अवतरति’ने दिला. दोन प्रवाह एकत्र आले, आणि कोशांनी त्यांतला एकच नोंदवला. दुसऱ्याच्या मजकुरातून घेतलेल्या भागाला आपण ‘अवतरण’ही म्हणतो आणि ‘उतारा’ही, हे नाते अडाणी माणसाच्या कल्पनेतले असते तर भाषेने ते असे जपले नसते.

आता मालिकेकडे येतो, कारण उदाहरण म्हणून तिच्याहून चोख मालिका सापडणार नाही. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ निकेलोडियनवर २००५ ते २००८ या काळात ६१ भागांत आली. तिच्या चिनी शीर्षकाचा पहिला वर्णही ‘खाली उतरणे’ याच अर्थाचा आहे. तिच्यातला आंग हा मुलगा काटेकोर अर्थाने अवतार नव्हे, असा आक्षेप घेतला जातो : एक अवतार मरतो तेव्हा दुसरा वायू, जल, पृथ्वी, अग्नी या क्रमाने पुढच्या लोकसमूहात जन्मतो, म्हणजे हा पुनर्जन्म झाला, शिवाय लहानपणी हजारो खेळण्यांतून आधीच्या अवतारांची चार खेळणी उचलल्यामुळे आंगची ओळख पटते, हे तर सरळ पुनर्जन्म घेतलेला लामा ओळखण्याच्या तिबेटी परंपरेतून घेतलेले आहे. आक्षेप खरा आहे आणि तरीही अपुरा आहे. मालिकेतला अवतार हा मानवलोक आणि आत्मलोक यांना जोडणारा पूल आहे, येण्याजाण्याची वाट आहे. पाणिनीच्या सूत्रातला अर्थ त्या अमेरिकी लेखकांच्या हाती नकळत लागला, याचा मला मनापासून आनंद होतो.

म्हणूनच २२ फेब्रुवारी २०२४ रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या आठ भागांना ‘नवा अवतार’ म्हणायला माझी हरकत नाही, मात्र कारण नीट सांगावे. रूप पालटले हे ते कारण नव्हे. रेषेच्या जगात वाऱ्यावर सहज तरंगणारा मुलगा वजन असलेल्या, दमणाऱ्या देहात खाली आला, हे खरोखरच अवतरण आहे. याउलट मूळ चित्रातली चौकट आणि पोशाख जसेच्या तसे गिरवले असतील, तेथे तो उतारा आहे, सातबाराचा असतो तसा. मूळ मालिकेत वायुभटक्यांच्या, म्हणजे आंगच्या लोकांच्या, संहाराची कथा मागाहून उलगडते. नव्या मालिकेने तो संहार आरंभीच दाखवला. मूळ मालिकेच्या निर्मात्यांनी, मायकेल दान्ते दिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको यांनी, २०२० मध्येच या नव्या मालिकेची साथ सोडली होती. कथेतल्या अशा बदलांना ‘रूपांतर’ हा साधा शब्द आहे आणि तो पुरेसा आहे.

राहिला ‘लाइव्ह-अ‍ॅक्शन’. त्याला ‘सजीव’ म्हणू नये. ‘अ‍ॅनिमेशन’ ज्या लॅटिन ‘अनिमा’वरून आले त्याचा अर्थच श्वास, प्राण असा आहे, आणि आपला ‘अनिल’, म्हणजे वारा, त्याचाच भाऊबंद आहे. मग चित्रांची मालिका निर्जीव कशी ठरेल? ‘नटांनी केलेली’ म्हणावे, नाहीतर इंग्रजी शब्द तसाच ठेवावा. मथळा लिहिणाऱ्यांनी तर ‘उतरणे’ हेच क्रियापद वापरावे, कारण मनातले कागदावर उतरते आणि भूमिका चांगली उतरते, असे आपण एरवी बोलतोच : ‘आंग आता नटाच्या देहात उतरला आहे, कसा उतरला आहे ते पाहा.’