फोरक्लोजर, जप्ती आणि ‘सांकेतिक’ ताबा

नाशिकहून आलेला प्रश्न: इंदिरानगरमधल्या एका फ्लॅटच्या दारावर बँकेने ‘सांकेतिक ताबा’ घेतल्याची नोटीस चिकटवली आहे. यालाच फोरक्लोजर म्हणायचं का? मराठीत ‘जप्ती’ लिहिलं तर चालेल का?

दोन्ही नाही.

बँकेच्या काउंटरवर फोरक्लोजर मागितलंत तर मुदतीआधी कर्ज फेडायला किती भरायचे त्याचा कागद मिळतो. कायद्यातलं फोरक्लोजर याच्या नेमकं उलट: गहाण सोडवण्याचा कर्जदाराचा हक्कच कोर्टाने कायमचा संपवायचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ही वाट मुख्यतः मुदतखरेदीच्या गहाणाला आहे, म्हणजे मुदतीत पैसे न फेडल्यास विक्री पक्की अशी अट असलेल्या गहाणाला. नजरगहाणवाल्याने, म्हणजे ताबा न घेता गहाण घेणाऱ्याने, विक्रीचा दावा लावायचा. मराठी शब्द हवाच असेल तर मी ‘गहाण बुडणं’ म्हणेन.

जप्तीत मालकी कर्जदाराचीच राहते, फक्त त्याला ती वस्तू विकता येत नाही. ती कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून होते, किंवा सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्यावरून. पतसंस्थेचा वसुली अधिकारी येतो तो या दुसऱ्या वाटेने, कारण पतसंस्था ही बँक नव्हे. सहकारी बँकेला मात्र सरफेसीही, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन वसुली करू देणारा कायदाही, लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते पक्कं केलं.

सरफेसीच्या (२००२) नोटिशीत शब्द ‘ताबा’ आणि सही ‘प्राधिकृत अधिकाऱ्या’ची. आधी कलम १३(२) ची मागणी नोटीस, ६० दिवसांची. तिच्यावर लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं. मग १३(४) खाली ताबा, आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं.

घात होतो तो ‘सांकेतिक’ या विशेषणाने. कुलूप लागलेलं नाही, माणसं घरातच आहेत, म्हणजे अजून वेळ आहे असं वाटतं. पण कर्जवसुली न्यायाधिकरणात कलम १७ चा अर्ज करायची ४५ दिवसांची मुदत इथूनच मोजायची. सांकेतिक ताब्यावरही हा अर्ज चालतो, हे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलेक्टर कचेरीत, जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे कलम १४ चा अर्ज करते. तोवर थांबलं तर मुदत हातची जाते. दिवाणी कोर्टात मनाईचा दावा लावला तर सरफेसीचं कलम ३४ आडवं येतं, कारण ते अशा दाव्यांना दिवाणी कोर्टाचं दार बंद करतं. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांची गोष्ट वेगळी, शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी लागू नाही.

प्रश्नासोबत एक फॉरवर्डही आला आहे: बँक ‘पतनिर्मिती’ करते, म्हणजे पैसा हवेतून काढते, म्हणून कर्ज रद्दबातल. यातला अर्थशास्त्राचा भाग बराचसा खरा आहे. कर्ज दिलं की तेवढी नवी ठेव खात्यात उभी राहते. पण करार त्याने पोकळ ठरत नाही. त्या ठेवीतून बिल्डरचे पैसे चुकते झाले, फ्लॅट नावावर झाला, म्हणजे प्रतिफल (कराराचा मोबदला) मिळालं. फॉरवर्डमधला ‘क्रेडिट रिव्हर’ निकाल १९६८ चा, अमेरिकेतल्या मिनेसोटातला. तो एका जस्टिस ऑफ द पीसने, म्हणजे किरकोळ खटले चालवणाऱ्या स्थानिक न्यायाधीशाने दिला, पण त्याला तेवढा अधिकारच नव्हता, त्यामुळे निकाल टिकला नाही. आणि क्रेडिट रिव्हर हे तिथल्या गावाचं नाव आहे, पतपुरवठ्याची नदी नव्हे.