पहिला दोन माणसांचा तंबू घेताना

वजनाचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. नवीन माणूस नेमका तिथूनच सुरुवात करतो आणि पावसात पस्तावतो. दोन किलोच्या आसपासचा दुहेरी भिंतीचा (आतला तंबू वेगळा, वरून पावसाचं कापड वेगळं) तंबू सुरुवातीला उत्तम. कापड एकाने, काठ्या-खुंट्या दुसऱ्याने वाहायच्या. छापलेलं 'किमान वजन' मात्र फसवं असतं. त्यात खुंट्या आणि पिशव्या बहुधा धरलेल्या नसतात.

आधी रुंदी. झोपायची साधी मॅट ५१ सेंमी, रुंद मॅट ६३-६४. म्हणजे दोन रुंद मॅटना १२८ सेंमी लागतात, आणि बरेच तंबू पायाकडे निमुळते होतात. दुकानात मॅट टाकून दोघंही आत आडवे व्हा, लाजू नका.

दारं दोन हवीतच. मध्यरात्री जोडीदाराला तुडवत बाहेर जाण्यात काही मजा नाही.

सकाळी आतून ओल दिसली की लोक 'तंबू गळतो' म्हणतात. बहुतेक वेळा ती आपल्याच श्वासाची वाफ असते. वरची झडप थंडीतही उघडी ठेवा. आणि नायलॉन भिजलं की सैल पडतं, म्हणून झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणा.

जोरदार हिमवर्षावात राहायचं नसेल, तर 'फोर सीझन' म्हणजे बर्फाळ हिवाळ्यासाठीही बनवलेल्या तंबूच्या नादी लागू नका. ते तंबू जड असतात आणि उन्हाळ्यात आत उकडतं.