पपईवरचा कापूस आणि दुकानदाराची बाटली

प्रश्न (घणसोली, नवी मुंबई): चार सोसायट्यांनी मिळून मोकळ्या प्लॉटवर पपई, शेवगा, कढीपत्ता, जांभूळ लावलंय, येईल त्याने तोडून न्यावं असं ठेवलंय. आता पपईवर पांढरा कापूस धरलाय. दुकानदार म्हणतो प्रोफेनोफॉस डबल डोसने मारा. मारू का?

उत्तर: नाही. बाटली परत करून या.

हा पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी कीड. प्रोफेनोफॉस हे कापसाच्या पिकावरचं कीटकनाशक आहे हो. शेतात फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही हे निदान शेतकऱ्याच्या हातात असतं, तुमच्याकडे शाळा सुटली की पोरं जाता जाता कढीपत्ता चघळणार, त्यांना कोण सांगणार काल फवारणी झालीये? बोर्ड कोणी वाचत नाही.

आणि डबल डोसने ढेकूण मरतो हा गैरसमज. त्याच्या अंगावर मेण असतं, मरतात ते ढेकणाला मारणारे मित्रकिडे. पपईवरचा हा ढेकूण 2008 मध्ये कोईमतूरला सापडला, लोक औषधं मारून थकले, शेवटी 2010 मध्ये पोर्टो रिकोहून आणलेला असेरोफॅगस नावाचा बारकासा परोपजीवी कीटक सोडला तेव्हा कुठे आटोक्यात आला. फवारा मारला की असले कीटक आधी जातात.

जास्त भरलेली पानं काढून पिशवीत बांधा, खताच्या खड्ड्यात नको. बाकीच्यांवर खालच्या बाजूने पाईपने जोरात पाणी मारा. मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी, आठ दिवसांनी परत. पाच म्हणजे पाचच, दहा टाकलं तर पपईची पानं करपतात. दुपारच्या उन्हात मारू नका, म्हणजे नकाच. मुंग्या ढेकणाची राखण करतात, खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावा.

दुकानदार आता युरिया पण देईल. घेऊ नका, कोवळी लुसलुशीत पालवी म्हणजे ढेकणाला जेवणाचं आमंत्रण. तुमच्याकडची जमीन मुरूम-डेब्रिजच्या भरावाची, पाणी धरत नाही, झाड आधीच दमलेलं, त्याला आच्छादन द्या. मी प्रत्येकाला हेच सांगतो आणि सांगत राहणार. सोसायटीचा माळी जो पाला जाळतो तोच आणून अर्धा फूट पसरा, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडून. उन्हाळ्यात फरक दिसेल.

सरकारी योजनेचं विचाराल तर: फळझाडं लावायला अनुदान देणारी राज्याची फुंडकर फळबाग योजना शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चालते, तुम्हाला नाही. मदतीसाठी पालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्या. उद्या जांभळाची फांदी तोडायची झाली तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेल, 1975 चा कायदा आहे.

पुढच्या वेळी फोटो पानाच्या खालच्या बाजूचा पाठवा, वरून काही कळत नाही.