पहिलं बारुदाचं शिंग, पहिली पिशवी

जुन्या पद्धतीच्या बंदुकीसाठी बारूद ठेवायचं शिंग आणि सोबतची चामड्याची खांद्यावरची पिशवी पहिल्यांदाच करायला घेतलीत, हेच उत्तम. 18व्या शतकातल्या अमेरिकन शिकाऱ्यांची आणि सैनिकांची बारूद ठेवायची शिंगं आजही संग्रहालयांत शाबूत आहेत. नक्षी नंतर शिका. आधी एवढं सांभाळा:

- बुडाचा लाकडी गट्टू, म्हणजे शिंगाचं रुंद तोंड बंद करणारं बूच. नवशिके इथेच घाई करतात. कापलेलं शिंग पूर्ण गोल नसतं. उकळत्या पाण्यात मऊ करून निमुळत्या लाकडी साच्यावर चढवा आणि तिथेच गार होऊ द्या. गट्टूचं लाकूड पुरतं वाळलेलं हवं. ओलं असलं तर पुढे आकसतं, फट पडते आणि बारूद दमट होते. बारीक लाकडी खुंट्या ठोका, सांध्यात मधमाशांचं मेण भरा.
- पिशवी. सालीने कमावलेलं चामडं, मेण लावलेला लिननचा दोरा, दोन सुयांची शिलाई. एक टाका झिजला तरी शेजारचे धरून राहतात. पट्ट्याच्या जोडाला आतून चामड्याचा तुकडा लावाच, सगळा भार तिथे येतो.
- वापर. शिंगातून थेट बंदुकीच्या नळीत बारूद कधीच ओतू नका. नळीत निखारा उरलेला असला तर अख्खं शिंग हातात फुटेल. आधी मापात घ्या, मग ओता.

ठेवताना शिंग रिकामं करा आणि मधूनमधून तपासा, कारण काही भुंगेऱ्यांच्या अळ्या शिंग कुरतडतात. पिशवी प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी धरते.

गट्टू बसवण्याआधी फोटो टाका, बघून सांगतो.