‘मेमॉयर्स ऑफ अ गेशा’मध्ये जपानी गेशांच्या (नाच-गाण्याने पाहुण्यांचं मनोरंजन करणाऱ्या पारंपरिक कलावंत स्त्रियांच्या) भूमिका चिनी अभिनेत्रींना का दिल्या?

मुख्यतः जगभर ओळखीचे चेहरे हवे होते म्हणून. 2005 चा हा सिनेमा इंग्रजीत, मोठ्या खर्चाचा होता. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मुळे (2000) झांग झीयी पाश्चात्त्य प्रेक्षकांना माहीत होती, गाँग लीचंही नाव मोठं होतं आणि मिशेल यो (ती मूळची मलेशियाची) 1997 च्या बाँडपटात झळकली होती. राष्ट्रीयत्व नव्हे, भूमिकेला कोण योग्य हे पाहिलं, असं दिग्दर्शक रॉब मार्शल यांचं म्हणणं होतं. ते मला अर्धंच पटतं. किमोनोतली चाल, बसणं, नाच हे गेशा वर्षानुवर्षं शिकतात; तिथली उणीव जपानी प्रेक्षकांना खटकणारच. चीनमध्ये राग वेगळ्याच कारणाने होता. जपानी सैन्याने 1937 मध्ये चीनच्या नानजिंग शहरात केलेल्या हत्याकांडाची आणि युद्धकाळात स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची जखम तिथे आजही ओली आहे, त्यामुळे चिनी अभिनेत्रीने गेशा साकारणं अनेकांना अपमान वाटला. 2006 मध्ये तिथे या सिनेमाचं प्रदर्शन रोखलं गेलं.

मात्र सगळेच कलाकार परके नव्हते: केन वातानाबे, कोजी याकुशो, काओरी मोमोई आणि नायिकेचं बालपण साकारणारी सुझुका ओगो हे जपानीच.