स्प्रिंगवाली एअर रायफल घेतोय, तर आधी तिचा झटका समजून घे

भाऊ, मागे रबरी पॅड लावला की झटका कमी होईल असं तुला कोणी सांगितलं असेल तर सोडून दे ते. स्प्रिंगच्या बंदुकीत झटका दोन्हीकडे असतो, स्प्रिंगने ढकललेला, हवा दाबणारा पिस्टन पुढे धावतो म्हणून बंदूक आधी मागे येते न् पिस्टन थांबला की लगेच पुढे हिसका मारते, आणि छर्रा तेव्हा अजून नळीतच असतो. त्यामुळे आवळून धरलं की निशाणा गेलाच समज. पुढचा हात उघडा ठेव, तळहातावर नुसती टेकू दे, पण दरवेळी त्याच जागी. आपल्याकडची नवी पोरं इथंच चुकतात न् स्कोपला नावं ठेवतात. अर्थात स्कोपही एअरगनसाठीचाच घे, साधा स्कोप त्या पुढच्या हिसक्याने खराब होतो. स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रू अधूनमधून बघत जा, ढिले पडतात.

छर्रा न टाकता ट्रिगर अजिबात दाबू नको, पुढे हवेची गादीच राहत नाही मग पिस्टन आपटतो न् सील, स्प्रिंग दोन्ही जातात. सिलिंडरमध्ये मशीनचं तेल सोडू नको, दाबाने पेटतं ते.

गॅस रॅमवाली, म्हणजे स्प्रिंगऐवजी कोंडलेल्या गॅसने पिस्टन ढकलणारी, मला जास्त आवडते, झटका सुटसुटीत असतो, पण जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलीस तर गॅसचा दाब वाढतो न् छर्रे वेगळ्याच जागी लागतात, म्हणून सावलीत थंड होऊ दे मगच मार. आणि पाखरांवर नको रे, कागदी टार्गेटच लाव.