टेबलावरचा एसी, बोटातली अंगठी आणि एअर फ्रायरमधलं भरीत

भुसावळला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओपासून सुरुवात केली, मग टीव्ही आले, आता मोबाईल आणि मोबाईलवरून मागवलेल्या नाना वस्तू येतात. अशा वस्तू घ्याव्यात का, हे वाचक मला, म्हणजे नानाला, पत्रानं विचारतात आणि मी इथे उत्तरं देतो. या महिन्यातली बरीच पत्रं उन्हाळ्यावरची आहेत, म्हणून तीच आधी घेतो.

नाना, जाहिरातीत १,८०० रुपयांचा छोटा टेबल एसी दाखवतात. 'पाच मिनिटांत खोली थंड' असं लिहिलंय. आमची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याची. मुलगी दहावीला आहे. घेऊ का?
– एक आई, भुसावळ

घेऊ नका, ताई. हे ऐकीव सांगत नाही. गेल्या मे महिन्यात असंच एक यंत्र एक आजी पिशवीत घालून दुकानात घेऊन आल्या. नातवानं मागवलेलं. म्हणाल्या, "हाई काय शे, नाना? वारा ते गरमच येस."

चार स्क्रू काढले. आत तळहाताएवढा पंखा, त्याच्या मागे कागदी पट्ट्यांची जाळी, वर अर्ध्या लिटरची टाकी आणि एक निळा दिवा. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, गरम हवा बाहेर सोडायला नळी नाही. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार जाळीवर इतका चढला होता की पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या. जाळी लिंबाच्या पाण्यात भिजवून साफ केली, टाकी भरली आणि थर्मामीटर धरला. दुकानात ४१ अंश. पंख्याच्या तोंडाशी ३४. हातभर लांब ३९. आजींना खुर्ची दिली होती तिथे ४१ च्या ४१.

म्हणजे हा एसी नव्हे, खेळण्याएवढा कूलर आहे. पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतं, त्यावर तो चालतो. एक लिटर पाणी वाळायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. अर्धा लिटर चार तासांत वाळलं तर दर सेकंदाला ८० ज्यूलच्या आसपास, म्हणजे ८० वॅटच्या आसपास उष्णता ओढली जाते. खोलीत शांत बसलेला एक माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. तुमची मुलगी अभ्यासाला बसली की तिच्या एकटीच्या अंगाची उष्णताही या डब्याला पुरती ओढवत नाही, पत्र्यातून उतरणारी तर सोडाच. एक टनाचा एसी ३,५०० वॅट उष्णता बाहेर फेकतो. हा 'टन'सुद्धा बर्फावरून आला आहे: एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी.

जाहिरात पाहताना दोनच गोष्टी बघा. चार्जरवर किती वॅट लिहिलंय? पाच व्होल्ट, दोन अँपिअर म्हणजे १० वॅट. दहा वॅटवर खोली थंड करणारं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही. आणि गरम हवा बाहेर जायला वाट आहे का? नसेल तर ती खोलीतच राहते.

तेच पैसे आधी पत्र्यावर पांढरा रंग किंवा चुना मारायला वापरा. पांढरा पत्रा ऊन परतवतो आणि रात्री खोली लवकर निवते. थोडे जमवून लोखंडी बॉडीचा मोठा कूलर घ्या. आपल्याकडची हवा मे महिन्यात कोरडी असते, त्यामुळे कूलर जेवढा खानदेशात चालतो तेवढा मुंबईत कधीच चालणार नाही. तो खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवा आणि समोरचं दार किलकिलं ठेवा. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की दमट होतं, मग घाम वाळत नाही. आणि ताई, एक विनंती: अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, पाणी भरताना प्लग काढून ठेवायची सवय मुलीलाही लावा. लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसं जातात.

मी दिवसभर मोटरसायकलवर फिरून ऑर्डरी घेतो. गळ्यात घालायचा पंखा उपयोगी पडेल का?
– एक सेल्समन, चाळीसगाव

मार्चपर्यंत आणि पावसाळ्यात, हो. पारा ४० च्या वर गेला की नाही. आपल्या कातडीचं तापमान ३५ च्या आसपास असतं. त्याहून गरम हवा अंगावर फेकली तर फक्त घाम वाळतो म्हणून थोडं बरं वाटतं, आणि ४० नंतर पंखा अंग तापवू लागतो. जागतिक आरोग्य संघटनाही ४० अंशांच्या वर पंखा वापरू नका असंच सांगते. दुपारी गळ्याला ओला पंचा गुंडाळा आणि दर गावाला तो पुन्हा भिजवा.

गळ्याशी धातूची थंड पट्टी असलेला प्रकारही निघालाय. सोनीनं २०२० मध्ये जपानात असं यंत्र विकायला काढलं. ते खोटं नाही. दोन वेगळ्या धातूंतून वीज गेली की सांध्याची एक बाजू थंड होते आणि दुसरी तापते, हे पेल्तिए नावाच्या फ्रेंच माणसानं १८३४ मध्येच दाखवलं होतं. पट्टी मानेला खरोखर गार लागते. पण मागची बाजू तापते आणि ती उष्णता छोट्या पंख्यानं हवेत सोडावी लागते. बाहेरच ४४ असेल तर ती जाणार कुठे? बॅटरीही लवकर संपते.

बॅटरीचं मात्र नीट ऐका. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत पंखा पॉवर बँकेला लावून ठेवू नका. फुगलेल्या बॅटरीचे पंखे माझ्याकडे येतात, ते मी दुरुस्त करत नाही, उघडतसुद्धा नाही.

बाबांना १५ वर्षांपासून शुगर आहे. बोट न टोचता साखर सांगणारी अंगठी ३,००० रुपयांत मिळते म्हणे. रोज टोचून घ्यायला ते फार कंटाळलेत.
– एक मुलगी, धुळे

ताई, तुमची तळमळ समजते. माझ्या घरीही हे दुखणं आहे. पण ही अंगठी घेऊ नका आणि कोणी भेट दिली तरी तिच्या आकड्यावर गोळी किंवा इन्सुलिन कमी-जास्त करू नका.

अंगठीत हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे छोटे दिवे असतात. त्यांचा प्रकाश कातडीत शिरून परत येतो, त्यावरून नाडी कळते, रक्तातल्या ऑक्सिजनचा आणि झोपेचा अंदाज मिळतो. एवढं काम चांगल्या अंगठ्या बऱ्यापैकी करतात. साखर मात्र या प्रकाशानं मोजता येत नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला: कातडीला न टोचता साखर सांगणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. स्वस्तातल्या घड्याळांना तर मी टेबलाच्या पायाला बांधून पाहिलंय. लाकडाचीही नाडी दाखवतात.

टोचणं कमी करायचं असेल तर डॉक्टरांना दंडावर लावायच्या सेन्सरबद्दल विचारा. त्यात केसाएवढी बारीक तार कातडीखाली राहते. एकदा लावला की काही प्रकार १४ दिवस चालतात आणि दर काही मिनिटांनी आकडा मोबाईलवर येतो. महाग आहे, कायम परवडणार नाही, पण वर्षातून एक-दोनदा लावला तरी कुठल्या जेवणानंतर साखर चढते ते डॉक्टरांना दिसतं. रोजच्यासाठी साधं ग्लुकोमीटरच ठेवा. सुई प्रत्येक वेळी नवी घ्या आणि बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. बाबांना हे करून दाखवा, नुसतं सांगू नका.

केळीला रात्रीची लाइट असते. मोबाईलवरून मोटर चालू करणारा स्टार्टर घ्यावा का?
– एक शेतकरी, यावल तालुका

घ्या, दादा. या पानावर आलेल्या सगळ्या वस्तूंत मला मनापासून आवडणारी हीच. रात्री दोन वाजता बांधावरून साप-विंचवात चालत जाणं वाचतं.

घेताना तीन गोष्टी त्यात हव्यातच. एक फेज गेला तर मोटर बंद करणारी सोय, नाहीतर वाइंडिंग जळतं. विहीर तळाला गेली की कोरडी चालणारी मोटर थांबवणारी सोय. आणि लाइट आल्यावर दोन-चार मिनिटं थांबून चालू होण्याची सोय, कारण शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येऊन फ्यूज उडतात. दुकानदाराला विचारा, यंत्र टूजीवर चालतं की फोरजीवर. जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे टूजीच्या यंत्रात जिओचं सिम चालणार नाही. शेतात ज्या कंपनीची रेंज पक्की मिळते तिचंच सिम घाला, घरी कुठली चालते ते पाहू नका.

एअर फ्रायरमध्ये भरताची वांगी भाजता येतात का? पुण्यात सुनेकडे चूल नाही.
– एक वाचक, जामनेर

येतात, मावशी. मी करून पाहिलंय. वांग्याला सुरीनं चार-पाच ठिकाणी भोकं पाडा, तेलाचा हात लावा, २०० अंशांवर २५ मिनिटं ठेवा आणि मध्ये एकदा उलटा. साल झकास सुटते, गर मऊ होतो. पण हे यंत्र म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी, त्यात धूर नाही, आणि कपाशीच्या काड्यांचा धूर नसेल तर ते आपलं भरीत नव्हे. सुनेला भाजून झालेल्या गरावर वाटी ठेवून त्यात पेटता कोळसा घालायला सांगा, त्यावर तेलाचे दोन थेंब आणि लगेच झाकण. पाच मिनिटांनी उघडायचं. आणि लाइट गेल्यावर हे यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर लावायचं नाही, ते १,५०० वॅट ओढतं. वांगी मात्र इकडूनच पाठवा, बामणोदची.